स्वच्छ नाद, विरूपित नाद आणि वादनकौशल्य : विद्युत् गिटारच्या मूल्यमापनाविषयी एक विचार

गोषवारा

विद्युत् गिटारचा स्वच्छ नाद वादकाचे खरे कौशल्य दाखवतो आणि ओव्हरड्राइव्हचा नाद त्याच्या चुका झाकतो, असा समज महाविद्यालयीन स्पर्धांच्या परीक्षणात अनेकदा दिसून येतो. नादविरूपणाची भौतिक प्रक्रिया, तंबोऱ्याची जवारी आणि खानदेशातील वरातीचा बेंजो यांच्या आधारे प्रस्तुत लेखात हा समज तपासला आहे. विरूपणामुळे चूक नाहीशी होत नाही, तर ती दुसऱ्या जागी ऐकू येते, असे प्रतिपादन करून परीक्षण व अध्यापनासाठी काही सूचना केल्या आहेत.

बीजसंज्ञा : विद्युत् गिटार, नादविरूपण, जवारी, बेंजो, मूल्यमापन

१. प्रस्तावना

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे कार्यक्षेत्रात असलेल्या व १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. या विद्यापीठाचा 'युवारंग' हा युवक महोत्सव खानदेशातील महाविद्यालयीन कलाजीवनाचा मोठा आधार आहे. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजच्या युवक महोत्सवांतील कलाप्रकारांमध्ये शास्त्रीय गायन-वादनाबरोबरच पाश्चात्त्य एकल वाद्यवादनाचाही समावेश असतो. त्यामुळे ज्या प्राध्यापकांची जडणघडण तबला, संवादिनी किंवा सुगम संगीतात झाली, त्यांच्यासमोरही विद्युत् गिटार घेऊन उभा असलेला विद्यार्थी येऊ शकतो. काही वेळा भाषा, वाणिज्य वा विज्ञान विषयांच्या प्राध्यापकांनाच महाविद्यालयाच्या संघाची निवड करावी लागते.

अशा वेळी एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. एक विद्यार्थी गिटारचा स्वच्छ, घंटेसारखा नाद ठेवून वाजवतो; दुसरा पायाजवळचे पेडल दाबून घोगरा, दाट, लांबणारा नाद काढतो. पहिल्याच्या वादनात शिस्त आहे आणि दुसऱ्याने यंत्राच्या आवाजाआड आपली कच्ची तयारी लपवली आहे, असे मत चटकन बनते. याच्या नेमके उलट मतही विद्यार्थिवर्गात आढळते : जो ओव्हरड्राइव्हवर वेगाने वाजवतो तोच खरा वादक. ही दोन्ही मते ऐकणाऱ्याच्या सवयीतून निर्माण होतात. वादनाच्या परीक्षणातून त्यांना पुष्टी मिळतेच असे नाही. एखाद्या विद्यार्थ्याचे महोत्सवातील स्थान आणि काही वेळा त्याचे वाद्याशी असलेले नातेच अशा मतावर अवलंबून असते. म्हणून या प्रश्नाचा विचार रुचीपलीकडे जाऊन करणे आवश्यक ठरते.

२. संज्ञांचे स्पष्टीकरण

आपल्या संगीतशास्त्रात नादाची तीन लक्षणे सांगितली जातात : लहान-मोठेपणा, उच्च-नीचता आणि जाती. एकाच उंचीचा आणि एकाच मोठेपणाचा षड्ज सतारीवर व बासरीवर वेगळा ओळखू येतो, तो जातीमुळे. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे जे अधिस्वर उमटतात, त्यांच्या प्रमाणावर ही जाती मुख्यतः अवलंबून असते.

विद्युत् गिटारच्या पोलादी तारांचे कंपन पिकअपमधील चुंबक व तारेचे वेटोळे यांच्या साहाय्याने सूक्ष्म विद्युत्संकेतात रूपांतरित होते. ॲम्प्लिफायर हा संकेत मोठा करतो. मोठे करताना संकेताचा आकार जसाच्या तसा राहिला, तर मिळणाऱ्या नादाला वादक 'क्लीन' म्हणतात. येथे त्यास स्वच्छ नाद म्हटले आहे. संकेत वर्धकाच्या क्षमतेपेक्षा मोठा झाला, तर त्याच्या लाटेचे माथे छाटले जातात आणि आकार बदलतो. अशा नादाला छाटणीच्या कमी-अधिक प्रमाणानुसार 'ओव्हरड्राइव्ह', 'डिस्टॉर्शन' किंवा 'फझ' म्हणतात. येथे त्या सर्वांसाठी विरूपित नाद ही संज्ञा वापरली आहे. 'विरूपित' हा शब्द केवळ भौतिक अर्थाने घेतला आहे. त्यात हीनतेची छटा अभिप्रेत नाही.

३. दोषातून शैलीकडे

विरूपित नादाविषयीचा संशय समजून घेण्यासाठी त्याचा उगम पाहणे उपयुक्त ठरते. आरंभी हा नाद दोष म्हणूनच अवतरला. १९५१ मध्ये मेम्फिस येथे ध्वनिमुद्रित झालेल्या 'रॉकेट ८८' या गीतात विली किझार्ट यांच्या गिटारचा घोगरा नाद नादुरुस्त ॲम्प्लिफायरमुळे आला. १९६१ मध्ये मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोंट वरी' या गीतात ध्वनिमुद्रणयंत्रणेतील बिघाडाने तसाच नाद उमटला आणि तो काढून न टाकता तसाच ठेवण्यात आला. १९६२ मध्ये 'माएस्ट्रो फझ-टोन' हे पेडल बाजारात आल्यानंतर जे अपघाताने घडत होते ते हेतुपूर्वक घडवता येऊ लागले. १९६४ मध्ये 'द किंक्स' या वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिस यांनी लाउडस्पीकरचा पडदा स्वतःच कापून हा नाद मिळवला. १९६९ मध्ये वुडस्टॉक येथे जिमी हेंड्रिक्स यांनी अमेरिकेचे राष्ट्रगीत विरूपित नादात वाजवले, तेव्हा हा नाद आशयाचे वाहन झाला होता.

यंत्राचा बिघाड म्हणून जन्मलेली गोष्ट अवघ्या दोन दशकांत अभिव्यक्तीचे साधन झाली. तथापि, तिच्या जन्माची आठवण श्रोत्याच्या मनात कायम राहिली. ज्याला हा नाद परिचित नाही, त्याला तो आजही बिघाडच वाटतो.

४. वर्धकात नेमके काय घडते ?

ही प्रक्रिया एका साध्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, तारेवरील हलक्या आघाताने २० मिलिव्होल्ट आणि जोरकस आघाताने २०० मिलिव्होल्ट एवढा संकेत निर्माण झाला. दोहोंतील फरक दहापट, म्हणजे २० डेसिबल आहे. स्वच्छ वर्धक दोन्ही संकेत सारख्याच प्रमाणात वाढवतो. म्हणून हा २० डेसिबलचा फरक ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतो. आता वर्धन १०० पट असून १ व्होल्टच्या वर काहीही जाऊ न देणारे मंडल मध्ये आले असे मानू. हलका आघात २ व्होल्ट व जोरकस आघात २० व्होल्ट होऊ पाहील. परंतु दोन्ही १ व्होल्टवर छाटले जातील. हलक्या आणि जोरकस आघातांतील मोठेपणाचा भेद जवळजवळ पुसला जाईल. 'ओव्हरड्राइव्ह चुका झाकतो' या मताचे भौतिक मूळ येथे आहे आणि तेवढ्यापुरते ते मत खरे आहे.

याच उदाहरणाची दुसरी बाजू मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. बोट उचलताना शेजारच्या तारेला ओझरता स्पर्श झाला आणि त्यातून २ मिलिव्होल्टचा संकेत निघाला असे समजू. स्वच्छ नादात तो जोरकस स्वराच्या शंभराव्या हिश्श्याइतका, म्हणजे ४० डेसिबलने लहान राहतो आणि बहुधा ऐकूही येत नाही. विरूपण करणाऱ्या मंडलात मात्र तो १०० पट होऊन ०.२ व्होल्ट होतो, तर मुख्य स्वर १ व्होल्टवरच थांबतो. दोहोंतील अंतर ४० डेसिबलवरून सुमारे १४ डेसिबलवर येते. मुख्य स्वर चालू असताना तो या खुटखुटीला दाबून टाकतो. पण दोन स्वरांमधील विरामात ती स्पष्टपणे बाहेर येते. म्हणजेच जे मंडल आघातांतील असमानता झाकते, तेच मंडल शांततेतील अस्वच्छता उघडी पाडते.

याखेरीज आणखी दोन परिणाम संभवतात. पहिला, स्वर लांबतो. वरील उदाहरणात २०० मिलिव्होल्टने सुरू झालेले कंपन १० मिलिव्होल्टपर्यंत, म्हणजे विसाव्या हिश्श्यापर्यंत ओसरले तरी बाहेर येणाऱ्या लाटेची उंची १ व्होल्टच राहते. दुसरा, एकाच वेळी दोन स्वर वाजवल्यास त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा आणि वजाबाक्या होऊन नवे स्वर निर्माण होतात. ११० हर्ट्झचा स्वर आणि त्याचा पंचम, समसमान विभागणीच्या सप्तकात १६४.८१ हर्ट्झ, एकत्र वाजवले असता फरकाचा स्वर ५४.८१ हर्ट्झ येतो. तो ५५ हर्ट्झच्या, म्हणजे मूळ स्वराच्या खालच्या सप्तकातील स्वराच्या, अगदी निकट असतो. त्यामुळे नाद भरदार होतो. याउलट ११० हर्ट्झबरोबर त्याचा शुद्ध गांधार, १३८.५९ हर्ट्झ, वाजवल्यास फरक २८.५९ हर्ट्झ येतो. सुसंगत नादासाठी तो २७.५ हर्ट्झ असायला हवा. हे अंतर अर्धस्वराच्या निम्म्याहून अधिक आहे. असे अनेक बेसूर फरक एकत्र येऊन नाद गढूळ होतो. रॉक संगीतातील वादक विरूपित नादात पूर्ण स्वरसंघाऐवजी केवळ षड्ज-पंचमाची जोडी का वाजवतात, याचे उत्तर या आकडेमोडीत आहे. त्याला आळस म्हणणे योग्य होणार नाही. ती माध्यमाची मर्यादा ओळखून केलेली निवड आहे.

५. स्वच्छ नादातील कसोटी

स्वच्छ नादात वादकाच्या आघाताचा मागमूस राहतो. पिकने तार छेडताना वरून खाली व खालून वर जाणाऱ्या आघातांत तफावत असेल, तर ती तत्काळ जाणवते. डाव्या हाताचे बोट परद्याच्या पुरेसे जवळ न पडल्यास स्वर बसका निघतो. स्वरसंघातील एखादी तार अर्धवट दाबली गेल्यास तीही निराळी ऐकू येते. स्वर लवकर ओसरत असल्याने पुढचा स्वर वेळेवर यावा लागतो. विलंब झाल्यास मध्ये पोकळी राहते. केवळ डाव्या हाताने वाजवल्या जाणाऱ्या स्वरांचा, म्हणजे आपल्याकडील सतारवादनातील कृंतनाशी साम्य असलेल्या क्रियेचा, मोठेपणा आघातित स्वरांच्या बरोबरीने राखणे येथे अधिक कठीण असते.

मात्र स्वच्छ नाद म्हणजे पूर्णतः उघडा नाद असे गृहीत धरू नये. 'कॉम्प्रेसर' नावाचे पेडल लाटेचा आकार फारसा न बदलता लहान-मोठ्या आघातांतील अंतर कमी करते. 'रिव्हर्ब' दोन स्वरांमधील पोकळी भरून काढतो. ऐकायला निर्मळ वाटणाऱ्या नादातही यंत्राचे साहाय्य असू शकते. त्यामुळे 'पेडल वापरले म्हणून गुण कमी' हा निकष सुसंगतपणे लावायचा ठरवल्यास तो स्वच्छ नादालाही लावावा लागेल.

६. विरूपित नादातील कसोटी

विरूपित नादात कौशल्याचे केंद्र आघाताकडून नियंत्रणाकडे सरकते. पहिली कसोटी शांततेची आहे. सहापैकी जी तार वाजवायची नाही तिला उजव्या तळहाताच्या कडेने आणि डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी सतत शांत ठेवावे लागते. या क्रियेला वादक 'म्यूटिंग' म्हणतात. ती प्रेक्षकाला दिसत नाही आणि उत्तम साधली तर ऐकूही येत नाही; तिचा अभाव मात्र लगेच ऐकू येतो. एखादा वादक तान संपवून थांबला आणि त्याच्यामागे कोणताही गुणगुणाट राहिला नाही, तर ते मोठ्या अभ्यासाचे फळ समजावे.

दुसरी कसोटी सुरेलपणाची आहे. गिटारवर तार आडवी ओढून स्वर चढवला जातो. ही मींडच होय. स्वच्छ नादात मींडेचा शेवटचा स्वर लवकर विरत असल्याने त्यातील अल्पसे बेसूरपण निसटून जाऊ शकते. विरूपित नादात तोच स्वर लांबतो आणि कानाला त्याची उंची तपासायला भरपूर अवधी मिळतो. मींड गंतव्य स्वरापर्यंत पोहोचली की थोडी अलीकडेच राहिली, लांबलेल्या स्वरावरील आंदोलन नियमित आहे की थरथरते, हे येथे अधिक स्पष्ट होते. गायकाचा लांबवलेला षड्ज तपासण्यास सरावलेल्या कानाला ही परीक्षा सहज जमण्यासारखी आहे.

तिसरी कसोटी 'काठावरच्या' नादाची आहे. वर्धक छाटणीच्या उंबरठ्यावर ठेवल्यास हलका आघात स्वच्छ आणि जोरकस आघात विरूपित उमटतो. गिटारवरील आवाजाची कळ कमी-अधिक करूनही हाच भेद साधता येतो. येथे वादकाच्या हाताला दुहेरी जबाबदारी पार पाडावी लागते. कारण आघाताच्या जोराबरोबर नादाची जातीही बदलते. स्वच्छ व विरूपित असे दोन कप्पे करणाऱ्या विवेचनात नेमके हेच सर्वांत सूक्ष्म कौशल्य सुटून जाते.

एकाच वादकाने दोन्ही प्रकारच्या नादांत उच्च दर्जा गाठल्याचे ठळक उदाहरण म्हणजे जॉन मॅक्लॉफ्लिन. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'मध्ये त्यांनी तीव्र विरूपित नादात वेगवान वादन केले. पुढे त्याच दशकात एल. शंकर, झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांच्यासमवेत 'शक्ती'मध्ये ते विरूपणरहित, अकॉस्टिक गिटार वाजवू लागले. त्या गिटारला अनुनादी तारा होत्या आणि परद्यांमधील लाकूड खोलगट केलेले होते, जेणेकरून मींड व गमक घेणे सुकर व्हावे. नाद बदलला, तसे हाताला द्यावे लागणारे वळणही बदलले. वादकाची सांगीतिक समज मात्र दोन्हीकडे तीच राहिली.

७. जवारीचा दाखला

नादात हेतुपूर्वक अधिस्वर वाढवणे ही कल्पना भारतीय कानाला परकी नाही. तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग किंचित वक्र असतो. कंप पावणारी तार त्या वक्रावर वारंवार टेकते व उचलली जाते. तिच्याखाली ठेवलेला सुताचा दोरा, म्हणजेच जीव, योग्य जागी सरकवला की नाद खुलतो. या गुणाला जवारी म्हणतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांविषयीच्या निबंधात या घोडीचे वैशिष्ट्य नोंदवले. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे निष्पंद असणारे अधिस्वर सामान्य नियमानुसार उमटू नयेत; तथापि तंबोरा व वीणा यांत तेही उमटतात, असे त्यांचे निरीक्षण होते. सतारीतही खुली जवारी व बंद जवारी असा भेद केला जातो आणि वादक आपल्या बाजाला अनुसरून निवड करतो. बंद जवारीचा सतारिया अधिक प्रामाणिक आणि खुल्या जवारीचा कमी प्रामाणिक, असे कोणी म्हणत नाही.

हे साम्य मर्यादित आहे, हेही नमूद केले पाहिजे. जवारी प्रत्येक तारेवर स्वतंत्रपणे कार्य करते. गिटारच्या सहाही तारांचा संकेत मात्र एकत्र होऊन एकाच मंडलातून जातो. म्हणूनच तंबोऱ्याच्या चार तारा एकत्र वाजूनही गढूळ होत नाहीत, तर गिटारचा पूर्ण स्वरसंघ विरूपणात गढूळ होतो. दोन्ही ठिकाणी तत्त्व समृद्ध नादाचेच आहे. पण त्याची किंमत वेगवेगळ्या ठिकाणी मोजावी लागते.

८. वरातीचा बेंजो

खानदेशातील श्रोत्याला विरूपित नादाचा परिचय रॉक संगीतापूर्वी वरातीतून झालेला असतो. महाराष्ट्रात लग्नाच्या वरातीत व गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत वाजणारा 'बेंजो' हा अमेरिकन बँजो नव्हे. १९१२ मध्ये जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी तयार केलेल्या 'ताइशोगोतो' या कळांच्या तंतुवाद्याचा तो भारतीय वंशज होय. बुलबुलतरंग या नावानेही तो ओळखला जातो. डाव्या हाताने कळा दाबायच्या व उजव्या हाताने तारा छेडायच्या, अशी त्याची रीत आहे. त्याला पिकअप बसवून ॲम्प्लिफायर व कर्ण्यांची जोड दिली की रस्त्यावरील ढोल-ताशांच्या गजरातही त्याची सुरावट वरचढ राहते. रवी जाधव यांच्या २०१६ मधील 'बँजो' या हिंदी चित्रपटामुळे या वाद्याकडे व्यापक लक्ष वेधले गेले.

रस्त्यावरच्या या वादनाचा विचार वरील विवेचनाच्या प्रकाशात केल्यास काही गोष्टी उलगडतात. वर्धक त्याच्या क्षमतेपलीकडे चालवला जातो तेव्हा तेथेही लाटेची छाटणी होते. सुरावटीच्या तारांबरोबर वाजणाऱ्या स्थायी तारा षड्ज-पंचमात मिळवलेल्या असतील, तर त्यांची गुणोत्तरे साधी असल्याने विरूपणातही षड्जाचा आधार टिकून राहतो. खुल्या रस्त्यावर आघातांतील सूक्ष्म चढउतार ऐकू येणे तसेही अशक्य असते. तेथे लयीचा ठामपणा, अखंड झपाट्याने तार छेडून स्वर धरून ठेवण्याची ताकद आणि अहिराणी गीताची चाल पहिल्या दोन स्वरांतच ओळखू येईल अशी स्पष्टता, हीच कौशल्याची लक्षणे ठरतात. तासन्‌तास चालत किंवा गाडीवर बसून वाजवणाऱ्या कलावंताच्या अंगी ही लक्षणे असतात. त्याचा नाद कर्कश आहे म्हणून त्याच्या हाताला कौशल्य नाही, असा निष्कर्ष काढणे हे माध्यमावरून माणसाचे मोजमाप करण्यासारखे आहे. अशा कुटुंबातील विद्यार्थी गिटार हाती घेतो तेव्हा दाट, लांबणाऱ्या नादाकडे त्याचा ओढा असणे स्वाभाविक आहे. त्या ओढ्याला असंस्कृतपणा समजणे शैक्षणिकदृष्ट्या घातक ठरू शकते.

मोठा आवाज आणि विरूपित नाद या दोन भिन्न बाबी आहेत, हे येथे स्पष्ट करावयास हवे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. तिचे उल्लंघन आक्षेपार्हच आहे. परंतु तो आक्षेप नादाच्या मोठेपणावर असतो, जातीवर नव्हे. विरूपित नाद अगदी हळू आवाजातही काढता येतो. दुसरीकडे, लाटेची उंची समान ठेवली तरी माथे छाटलेल्या लाटेत सरासरी ऊर्जा अधिक असते. पूर्ण चौकोनी लाटेत ती साध्या लाटेच्या तुलनेत ३ डेसिबलने जास्त भरते. त्यामुळे पेडल दाबताच आवाज वाढल्याचा भास होतो, आणि मोठेपणाविषयीची नाराजी जातीच्या खात्यावर जमा होते.

९. सभागृहातील ध्वनियंत्रणेचा परिणाम

जिल्ह्याच्या ठिकाणच्या स्पर्धांत आणखी एक अडचण संभवते. गिटारसाठीचा स्वतंत्र ॲम्प्लिफायर उपलब्ध नसल्यास पेडलमधून निघालेली वायर थेट सभागृहाच्या मिक्सरला जोडली जाते. गिटारच्या ॲम्प्लिफायरमधील १२ इंची लाउडस्पीकर साधारणपणे ५,००० हर्ट्झच्या पलीकडील कंपने झपाट्याने कमी करतो; विरूपणातून निर्माण झालेले अतिउंच, टोचणारे अधिस्वर त्यामुळे गाळले जातात. भाषण व गायनासाठी बसवलेली सभागृहाची यंत्रणा मात्र ती कंपनेही निष्ठेने ऐकवते. परिणामी जो नाद घरी दाट व गोल वाटत होता, तो मंचावर करकरीत आणि माशीच्या भणभणाटासारखा होतो. परीक्षकाला त्यात वादकाचा उथळपणा दिसतो. प्रत्यक्षात तेथे केवळ एका गाळणीचा अभाव असतो.

स्वच्छ नादाच्या वादकावरही अन्याय होऊ शकतो. पिकअपचा संकेत सामान्य लाइन इनपुटला सरळ जोडल्यास त्यातील उंच कंपने घटतात व नाद मंद, बोथट होतो. यासाठी मध्ये 'डीआय बॉक्स' नावाचे छोटे उपकरण पुरेसे असते. विरूपित नादासाठी लाउडस्पीकरचा परिणाम साधणारी 'कॅबिनेट सिम्युलेशन'ची सोय अनेक डिजिटल पेडलांत असते. अन्यथा लहान गिटार ॲम्प्लिफायर मंचावर ठेवून त्यासमोर मायक्रोफोन लावता येतो. आयोजक महाविद्यालयाने संवादिनीसाठी मायक्रोफोनची उंची पाहावी, तितक्याच सहजपणे या बाबींकडे पाहणे अपेक्षित आहे.

१०. परीक्षण व अध्यापनासाठी सूचना

उपरोक्त विवेचनाच्या आधारे पुढील सूचना करता येतील.

(अ) स्पर्धेपूर्वी ध्वनियंत्रणा तपासताना प्रत्येक वादकाचा स्वच्छ व विरूपित नाद ऐकून दोहोंचा मोठेपणा शक्य तितका समान करून घ्यावा. त्यामुळे मोठेपणाचा प्रभाव गुणांवर पडणार नाही.

(आ) स्वच्छ नादात आघातांची समानता, स्वरसंघातील प्रत्येक तारेची स्पष्टता आणि लहान-मोठेपणाचा हेतुपूर्वक वापर पाहावा. विरूपित नादात विरामातील शांतता, मींडेची अचूकता, लांबलेल्या स्वरावरील आंदोलन आणि योग्य स्वरसंघांची निवड पाहावी. लय, सुरेलपणा व रचनेची जाण हे निकष दोन्हीकडे समान असावेत.

(इ) निवड चाचणीत शंका असल्यास तीच चार-आठ मात्रांची सुरावट दोन्ही नादांत वाजवण्यास सांगावे. ज्याची तयारी कच्ची आहे, त्याची उणीव दोहोंपैकी एका ठिकाणी तरी उघड होतेच. ज्याची तयारी पक्की आहे, तो नाद बदलताच हाताची ठेवण बदलतो, आणि हा बदल पाहणे हीच परीक्षकासाठी मोठी माहिती असते.

(ई) अध्यापनात 'आधी वर्षभर स्वच्छ नाद, मग पेडल' असा कठोर क्रम लावण्याऐवजी दोन्ही नादांत आलटून पालटून सराव करून घ्यावा. केवळ स्वच्छ नादावर वाढलेला विद्यार्थी न वाजणाऱ्या तारांकडे दुर्लक्ष करू शकतो. केवळ विरूपित नादावर वाढलेला विद्यार्थी आघाताकडे दुर्लक्ष करू शकतो. एका नादाने लावलेली सवय दुसऱ्याने तपासली जाते.

११. निष्कर्ष

स्वच्छ नाद खरा आणि विरूपित नाद फसवा, ही विभागणी भौतिकशास्त्राच्या किंवा वादनाच्या कसोटीवर टिकत नाही. विरूपण आघातांतील फरक झाकते, हे खरे आहे. त्याच वेळी ते शांततेतील दोष, मींडेतील बेसूरपण आणि स्वरसंघाची अयोग्य निवड उघडी करते, हेही तितकेच खरे आहे. चूक लपत नाही. ती जागा बदलते. त्या बदललेल्या जागी कान लावण्याची जबाबदारी परीक्षकाची आहे.

तंबोऱ्याची जवारी लावताना जीव केसभर सरकवून नाद कोठे खुलतो ते ऐकण्याची परंपरा ज्या संगीतात आहे, त्या संगीतात घडलेल्या अध्यापकाला हे अवघड नाही. मंचावरचा विद्यार्थी पेडल दाबतो तेव्हा त्याने काय लपवले, हे शोधण्याआधी त्याने कोणती नवी परीक्षा स्वतःवर ओढवून घेतली आहे, हे पाहिले जावे. त्यानंतर दिलेले गुण कमी असोत वा अधिक, ते वादनाला दिलेले गुण असतील.